अंडाशयाची घडण आणि मोटर प्रथिने : एक प्रस्तावना

मानवी स्त्रीगर्भाच्या अंडाशयात पाचव्या महिन्याच्या सुमारास जवळपास ६८ लाख जननपेशी असतात. टी. जी. बेकर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतला हा आकडा आजही आधारभूत मानला जातो. जन्माच्या वेळी त्यांपैकी साधारण २० लाख उरतात, वयात येताना तीनचार लाख, आणि पुढच्या तीसपस्तीस वर्षांत अंडाशयातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या अंडपेशी असतात चारशेच्या आसपास. स्त्रीच्या प्रजननक्षमतेचा मोठा हिशेब असा ती जन्माला येण्याआधीच पुरा होत आलेला असतो. कोणती पेशी टिकते आणि कोणती जाते, हे कशावर ठरते, या प्रश्नाला आजवर बहुतेक वेळा दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. एक उत्तर संप्रेरकांचे आणि संकेत देणाऱ्या रेणूंचे. दुसरे जनुके चालू-बंद करणाऱ्या नियामक प्रथिनांचे. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण ती अपुरी आहेत, असे माझे मत आहे. अंडपेशी ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी. तिच्यात साठवलेला माल, म्हणजे तंतुकणिका, प्रथिने आणि संदेशवाहक आरएनए, हीच तिची ओळख. हा माल कोणी गोळा केला, कुठून आणला, कोणाच्या वाट्यातून काढला, हे विचारल्याशिवाय अंडपेशी कशी घडते ते कळणार नाही. हे वाहतुकीचे काम मोटर प्रथिने करतात. विकसित होणाऱ्या अंडाशयात ही प्रथिने कोठे आणि केव्हा व्यक्त होतात, याकडे दुय्यम तपशील म्हणून पाहण्याची सवय सोडली पाहिजे, हा या प्रस्तावनेचा आग्रह आहे.

मोटर प्रथिनांची ओळख थोडक्यात करून देतो. पेशीत इंधन म्हणून वापरला जाणारा एटीपी हा रेणू तोडून त्या ऊर्जेवर ही प्रथिने पेशीतल्या तंतूंवरून एका दिशेने सरकतात. त्यांची घराणी तीन. ॲक्टिन तंतूंवर चालणारे मायोसिन सर्वांत जुने. विल्हेल्म क्यून यांनी १८६४ मध्ये स्नायूंतून ते वेगळे केले आणि त्याला नाव दिले. डायनिन हे इयन गिबन्स यांनी १९६०च्या दशकात एका एकपेशीय जिवाच्या हलत्या केसलांमध्ये शोधले. कायनेसिन १९८५ मध्ये रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांना स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूत सापडले. कायनेसिन आणि डायनिन ही दोन्ही प्रथिने सूक्ष्मनलिका या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंवर चालतात. बहुतेक कायनेसिने नलिकेच्या वाढत्या टोकाकडे जातात, डायनिन उलट टोकाकडे. कायनेसिनचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते आणि एका पावलाला एक एटीपी खर्ची पडतो. माणसात आणि उंदरात कायनेसिनची ४५ जनुके आहेत. डायनिनचे गणित अगदी वेगळे: केसलांतले डायनिन बाजूला ठेवले तर पेशीद्रव्यातल्या जवळजवळ सर्व वाहतुकीचा भार डायनिन-१ वाहते आणि त्याच्या जड साखळीचे जनुक एकच आहे. एका घराण्यात पंचेचाळीस आणि दुसऱ्यात एक, हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. अंडाशयातल्या नोंदी कशा वाचायच्या हे पुढे त्यावरच अवलंबून राहणार आहे.

स्नायू, केसल आणि चेतातंतू या तीन ठिकाणी हे शोध लागले, ते योगायोगाने लागलेले नाहीत. तिथे हालचाल डोळ्यांना दिसते किंवा अंतर मोठे असते. अंडाशय या यादीत फार उशिरा आला. सस्तन प्राण्याचा अंडाशय गर्भावस्थेत अगदी लहान असतो, त्यातल्या पेशी दाटीने बसलेल्या असतात आणि हालचाल बाहेरून दिसत नाही. शिवाय संशोधकांच्या मनात एक समज पक्का होता, आणि मला वाटते तोच मुख्य अडथळा ठरला. मोटर प्रथिने प्रत्येक पेशीत असतात, ती पेशीची रोजची कामे करतात, म्हणून एखादी पेशी अंडपेशी का होते आणि शेजारची का होत नाही, या प्रश्नाशी त्यांचा संबंध असू शकत नाही, असा तो समज. या आक्षेपात तथ्य आहे असे वाटावे असा पुरावाही हाताशी होता. डायनिनच्या जड साखळीचे जनुक पूर्णपणे काढलेला उंदीर गर्भाच्या अगदी सुरुवातीलाच मरतो. कायनेसिन-१च्या केआयएफ-५बी या जनुकाचेही तसेच: गर्भ अर्ध्यावर मरतो. दोन्ही निष्कर्ष १९९८ मध्ये आले. जे प्रथिन काढले की सगळा गर्भच संपतो, त्याचे अंडाशयातले विशेष काम दिसणार कसे? पण इथे तर्काची एक गफलत होते. जनुक काढून टाकण्याच्या प्रयोगातून अंडाशयाबद्दल काहीच कळत नाही, एवढेच या प्रयोगांनी सिद्ध होते. अंडाशयात त्याचे खास काम नाही, असे त्यातून निघत नाही. सर्वत्र असणारी गोष्ट एखाद्या ठिकाणी निर्णायक असू शकते. प्रश्न असतो तो तिथे तिला कोणता माल मिळतो, कोणत्या दिशेने न्यायला मिळतो आणि कोणत्या तासाला, याचा.

हे प्रथम स्पष्ट झाले ते फळमाशीत. तिच्या अंडाशयात एक पेशी चार वेळा विभागते आणि सोळा पेशी होतात, पण त्या पूर्ण वेगळ्या होत नाहीत. विभाजन अपुरे राहिल्याने त्यांच्यामध्ये अरुंद कड्यांसारखे पूल राहतात. सोळांतली एकच पेशी अंडपेशी होते. उरलेल्या पंधरा पोषक पेशी आपला माल पुलांमधून तिच्याकडे धाडतात आणि शेवटी मरतात. ही निवड होण्यासाठी डायनिन लागते, हे १९९७ पर्यंत सिद्ध झाले होते. डायनिनचे काम बिघडले की सोळांपैकी एकीचीही अंडपेशी होत नाही. कीटकांतला हा प्रकार सस्तन प्राण्यांना लागू नाही, असे बराच काळ मानले जाई. सस्तन अंडाशयात जननपेशींमध्ये असे पूल असतात, हे १९६०-७०च्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मानवी गर्भातही दाखवले होते. पण ते विभाजनाचे अवशेष आहेत, त्यांना काम नाही, असे समजून ते सोडून दिले गेले. मेलिसा पेपलिंग आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी १९९८ मध्ये उंदराच्या गर्भात अशा पुलांनी जोडलेल्या जननपेशींचे पुंजके नीट मोजले आणि ते योगायोगाने राहिलेले अवशेष नसून ठरावीक रीतीने तयार होतात, हे दाखवले. जन्माच्या आसपास हे पुंजके तुटतात आणि सुट्या झालेल्या अंडपेशींभोवती आद्य पुटिका तयार होतात, हे त्यांनीच २००१ मध्ये मांडले. नेमक्या याच सुमारास जननपेशींची संख्या झपाट्याने घटते. ही घट म्हणजे सदोष पेशींची छाटणी, हे तेव्हाचे सर्वमान्य स्पष्टीकरण होते.

२०१६ मध्ये लेई लेई आणि स्प्रॅडलिंग यांचा जो निबंध आला, त्याने या स्पष्टीकरणाला पर्याय उभा केला. उंदराच्या पुंजक्यातल्या काही पेशी शेजारच्या भगिनी पेशींकडून तंतुकणिका, गॉल्जी पिंड आणि इतर पेशीअंगके घेतात, केंद्रकाजवळ त्यांचा एक घोस तयार करतात आणि त्या अंडपेशी होतात. देणाऱ्या पेशी आक्रसतात आणि मरतात. पेशीअंगकांच्या या घोसाला बाल्बियानी पिंड म्हणतात. माशांपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांच्या कोवळ्या अंडपेशींत तो दिसतो. मानवी आद्य पुटिकेतल्या अंडपेशीत तो आहे हे १९६०च्या दशकातच दिसले होते. सूक्ष्मनलिकांवरची वाहतूक रोखणारी द्रव्ये अगदी कमी मात्रेत वापरली असता तीन गोष्टी थांबल्या: पेशीअंगकांचे स्थलांतर, बाल्बियानी पिंडाची घडण आणि अंडपेशीची निवड. या प्रयोगातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण हे, की तिन्ही एकत्र थांबल्या. वाहतूक हा निवडीनंतरचा उपचार असता, तर ती थांबवूनही निवड झालेली दिसली असती.

याच प्रयोगशाळेतून २०२२ मध्ये वानबाओ नियू आणि स्प्रॅडलिंग यांनी हिशेब आणखी नेमका केला. उंदराच्या एका पुंजक्यातून सरासरी सहा अंडपेशी तयार होतात आणि त्यांना चोवीस पोषक पेशी पुरवठा करतात. गर्भाच्या साडेचौदाव्या दिवसापासून जन्मानंतरच्या पाचव्या दिवसापर्यंत या पोषक पेशी टप्प्याटप्प्याने आपले पेशीद्रव्य देऊ लागतात, आणि एकदा सुरुवात झाली की दोन दिवसांत संपतात. त्यांचा मृत्यू नेहमीच्या आत्मनाशाच्या वाटेने क्वचितच होतो. पेशी आतून आम्लधर्मी होऊन विरघळण्याचा, फळमाशीतल्यासारखाच तो प्रकार आहे. या निबंधात एक निरीक्षण असे आहे, ज्यापाशी प्रत्येक वाचकाने थांबावे. एकेका पेशीतला आरएनए वाचून पेशींचे गट पाडले, तेव्हा देण्याची सुरुवात होण्याआधीच्या पोषक पेशी आणि भावी अंडपेशी एकाच गटात पडल्या. म्हणजे आरएनएच्या यादीवरून त्या वेगळ्या ओळखू आल्या नाहीत. देणे सुरू झाल्यावर मात्र त्या वेगळ्या गटात गेल्या. जनुकांच्या आदेशात आधी फरक पडतो आणि मग त्यानुसार मालाची ने-आण होते, हा आपला ठरलेला क्रम. इथे तो क्रम निदान डोळ्यांना तरी उलटा दिसतो. सारखीच जनुके व्यक्त करणाऱ्या बहिणींपैकी एकीकडून दुसरीकडे माल वाहू लागतो आणि त्यानंतर त्यांची जनुके वेगवेगळी बोलू लागतात.

या मांडणीवर तीन गंभीर आक्षेप घेता येतात आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला असा, की रासायनिक द्रव्यांनी वाहतूक रोखण्याचे प्रयोग ढोबळ असतात. सूक्ष्मनलिकाच विस्कटल्या तर पेशीचे विभाजन, आकार, सारेच बिघडते. त्यावरून मोटर प्रथिनांना श्रेय कसे द्यायचे? आक्षेप रास्त आहे. कमी मात्रा वापरल्याने आणि पेशी जिवंत राहिल्याने त्याची धार कमी होते, पण तो पूर्ण जात नाही. ठरावीक दिवशी, फक्त जननपेशींतून, एकेक मोटर किंवा तिचा सहायक काढून टाकण्याचे प्रयोग हाच त्यावरचा खरा उपाय आहे. दुसरा आक्षेप टेक्स-१४ या प्रथिनाचा. पूल टिकवण्यासाठी ते लागते. ते नसलेले नर उंदीर वंध्य असतात. माद्यांच्या अंडाशयात पूल नसतात आणि अंडपेशी कमी असतात, पण त्यांना पिल्ले होतात. मग पुलांमधून होणारी वाहतूक आवश्यक कशी म्हणायची? मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. त्यावरून एवढे मान्य करायलाच हवे, की पुलांशिवायही काही पेशींना अंडपेशी होता येते. लेई आणि स्प्रॅडलिंग यांनी पुंजक्यातल्या पेशींमधले पटल विरघळून माल थेट जाताना नोंदवले आहे, त्यामुळे पूल हा एकच मार्ग नसावा. शिवाय प्रजोत्पत्ती होणे आणि अंडपेशींचा साठा पुरेसा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या मादीला काही महिने पिल्ले होणे पुरते. माणसात साठा कमी पडण्याचा अर्थ चाळिशीच्या कितीतरी आधी रजोनिवृत्ती असा होऊ शकतो. तिसरा आक्षेप मरणाऱ्या पेशींच्या संख्येबद्दल आहे. सगळ्या मरणाऱ्या पेशी पोषकच असतात असे नाही. जनुकसंचात उड्या मारणाऱ्या लाइन-१ या घटकांची सक्रियता ज्या पेशींत जास्त, त्या गर्भावस्थेत मरतात, हे २०१४ मध्ये उंदरात दाखवले गेले. डीएनएतल्या न सांधलेल्या तुटी पाहून पेशी बाद करणारी तपासणीही अंडाशयात आहे. मी छाटणीचा सिद्धांत नाकारत नाही. पण छाटणीने मेलेल्या पेशीतला माल वाया जातो आणि पोषक पेशीतला माल जिवंत राहतो. मोजणी करताना हे दोन मृत्यू एका आकड्यात मिसळले, तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

गर्भावस्थेच्या याच काळात जननपेशींच्या केंद्रकातही मोटर प्रथिनांचे एक काम चालू असते आणि ते डायनिनच्या एकाच जनुकाचे कोडे उलगडते. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या आरंभी आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या समजात गुणसूत्रांनी एकमेकांना शोधून जोडी जमवावी लागते. मानवी स्त्रीगर्भात हे तिसऱ्या महिन्यानंतर सुरू होते. गुणसूत्रांची टोके केंद्रकाच्या आवरणाला आतून चिकटतात. आवरणातून आरपार जाणारी सन-१ आणि कॅश-५ ही प्रथिनांची साखळी त्यांना बाहेरच्या डायनिनशी जोडते आणि बाहेरची मोटर आतली गुणसूत्रे फिरवते. कॅश-५ हे २०१२ मध्ये ओळखले गेले. ते नसलेल्या उंदरांत, नर असो वा मादी, जोड्या जमत नाहीत आणि वंध्यत्व येते. सन-१ नसल्यासही तसेच. कॅश-५ हा नुसता जोडणारा दुवा नाही, डायनिनला चालते करणारे ते प्रथिन आहे, हे त्यानंतर सिद्ध झाले. आणि अलीकडे या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत स्त्रियांचे अंडाशय अकाली निकामी झाल्याचेही नोंदले गेले. आता यादी वाचणाऱ्याने काय करावे? डायनिनच्या जड साखळीचा आरएनए मोजला तर तो सर्व पेशींत, सर्व दिवशी सापडेल आणि मोजणारा म्हणेल, इथे सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे जे आहे ते कॅश-५च्या ओळीत आहे, कारण ते फक्त अर्धगुणसूत्री विभाजनातल्या पेशींत व्यक्त होते. म्हणून कायनेसिनच्या बाबतीत स्वतः मोटरची अभिव्यक्ती पाहावी आणि डायनिनच्या बाबतीत तिच्या सहायकांची. एकाच यादीत दोन्हींना एकाच मापाने मोजणारे तक्ते मी अपुरे मानतो.

कायनेसिनच्या घराण्यात वेगवेगळी जनुके वेगवेगळी कामे कशी वाटून घेतात, याचे एक उदाहरण केआयएफ-१८ए देते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे मध्यरेषेवर आणून स्थिर करणारी ही मोटर. तिच्यात विशिष्ट बदल असलेले उंदीर जगतात, वाढतात, पण त्यांच्या जननपेशी गर्भावस्थेतच घटलेल्या असतात. २०१५ मध्ये हे सिद्ध झाले. शरीराच्या इतर पेशी तिच्या बिघाडातून निभावतात आणि भ्रूणातल्या जननपेशी निभावत नाहीत. मायोसिनचे उदाहरण पुटिकेतले आहे. अंडपेशीभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी तिच्या जाड कवचातून बारीक बोटांसारखे तंतू आत सोडतात आणि त्यातून तिला पोषण व संकेत पोचतात. मायोसिन-१० नसलेल्या मादी उंदरांत या तंतूंची दाटी कमी होते. अंडपेशी वाढते, पण तिच्यातल्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते, परिपक्वता आणि पुढची भ्रूणवाढ अंशतः ढासळते, प्रजननक्षमता घटते. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इथेही मोटर शेजारच्या पेशीतली आणि परिणाम अंडपेशीवर, असा प्रकार आहे. अख्ख्या अंडाशयाचा अर्क काढून केलेल्या मोजणीत ही गोष्ट कधीच दिसली नसती.

आता मी सर्वांत बोलक्या पुराव्याकडे येतो, कारण तो प्रथिन असण्याचा नसून नसण्याचा आहे. बहुतेक पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणाऱ्या तर्कूच्या दोन टोकांना सेंट्रिओल असतात. सस्तन अंडपेशीत ते नसतात, त्यामुळे तर्कू दोन टोकांशी आवळून धरण्याचे काम मोटर प्रथिनांवर येते. उंदराच्या अंडपेशीत ऐंशीहून जास्त छोटी केंद्रे एकत्र येऊन तर्कू रचतात, हे मेलिना शुह आणि यान एलेनबर्ग यांनी २००७ मध्ये दाखवले. मानवी अंडपेशीत तशी केंद्रेही दिसत नाहीत. तिथे तर्कू तयार व्हायला सुमारे सोळा तास लागतात आणि त्या काळात त्याची टोके वारंवार फाकतात, हे शुह यांच्या गटाने २०१५ मध्ये नोंदवले. प्रत्येक फाकण्यात गुणसूत्र चुकीच्या बाजूला जाण्याचा धोका असतो. डाउन लक्षणसमूहातले जादा २१वे गुणसूत्र सुमारे ९० टक्के वेळा आईकडून येते, त्यामागे अंडपेशीच्या विभाजनातल्या चुका आहेत. मानवी तर्कूच इतका अस्थिर का? गायीच्या आणि डुकराच्या अंडपेशीतही सेंट्रिओल नसतात, पण त्यांचा तर्कू स्थिर असतो. २०२२ मध्ये याच गटाने उत्तर दिले: केआयएफसी-१ या कायनेसिनची मानवी अंडपेशीत कमतरता असते. गायीच्या अंडपेशीतून आणि केंद्रे काढून टाकलेल्या उंदराच्या अंडपेशीतून ते हटवले, तर त्यांचे तर्कूही माणसासारखे डळमळू लागले. मानवी अंडपेशीत ते बाहेरून घातले, तर तर्कू स्थिरावला. हटवून बिघाड आणि घालून दुरुस्ती, असा दुहेरी पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो. अभिव्यक्तीचा अभ्यास हे कोरडे नोंदकाम आहे असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर या प्रयोगात आहे. एका मोटरचे प्रमाण एका प्रजातीच्या एका पेशीत कमी आहे, या नोंदीतून मानवी प्रजननातल्या एका जुन्या दुबळेपणाचे कारण हाती लागले.

या पुराव्याची मर्यादाही सांगतो. केआयएफसी-१ची कमतरता हे वयानुसार वाढणाऱ्या चुकांचे एकमेव कारण नाही. गर्भावस्थेत विभाजन अर्ध्यावर थांबलेली अंडपेशी तीस-चाळीस वर्षे तशीच राहते आणि गुणसूत्रांना एकत्र बांधणारी कोहेसिन प्रथिने त्या काळात झिजतात, ही स्वतंत्र प्रक्रिया आहे. त्यामुळे हे प्रथिन घालून वंध्यत्वावर उपचार करता येईल, अशी आशा आज कोणी दाखवली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. मानवी प्रयोग प्रयोगशाळेत दान मिळालेल्या अंडपेशींवर झाले आहेत. त्यातून मूल जन्माला घालण्याचा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे. पण ही मर्यादाच उंदीर आणि माणूस यांच्याबद्दलच्या जुन्या आक्षेपाला वेगळे वळण देते. उंदरावरून माणसाबद्दल बोलता येत नाही, असे नेहमी म्हटले जाते. केआयएफसी-१च्या बाबतीत तर उंदीर, गाय आणि डुक्कर यांच्याशी तुलना केल्यामुळेच माणसातली उणीव दिसली. एकाच प्राण्याची यादी पाहत बसलो असतो, तर ते प्रथिन नाही याकडे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. या क्षेत्रात प्रजातींमधली तुलना ही सोय नाही, ती पद्धत आहे, असे मी मानतो.

नोंदी वाचताना आणखी एक सावधपणा लागतो. अभिव्यक्तीचा तक्ता हा हजेरीपटासारखा असतो. कोण आले होते ते त्यावरून कळते, कोणी काय केले ते कळत नाही. अंडाशयात ही अडचण दुप्पट होते, कारण अंडपेशी संदेशवाहक आरएनए तयार करून दीर्घकाळ सुप्त ठेवते आणि योग्य वेळ आली की मगच त्यापासून प्रथिन बनवते. आरएनए आहे म्हणून मोटर आहे, असे अंडपेशीबद्दल म्हणता येत नाही. उलट, एकदा बनलेले प्रथिन त्याचा आरएनए नाहीसा झाल्यावरही टिकून राहू शकते. प्रतिपिंड वापरून प्रथिन थेट पाहण्याचा मार्ग चांगला, पण कायनेसिनच्या पंचेचाळीस सदस्यांचा मोटर-भाग एकमेकांशी इतका मिळताजुळता आहे, की त्या भागाविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड भलत्यालाच चिकटण्याचा संभव असतो. म्हणून शेपटीकडच्या, प्रत्येकाच्या वेगळ्या असलेल्या भागावर बेतलेले प्रतिपिंड वापरले आहे की नाही, हे वाचकाने निबंधाच्या पद्धती-विभागात पाहावे. पेशीनिहाय आरएनए वाचनाने गेल्या दहा वर्षांत मोठी भर घातली; मानवी जननग्रंथींच्या विकासाचा असा पेशीनिहाय नकाशा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण उंदराच्या पोषक पेशींनी शिकवलेला धडा इथेही लागू आहे. यादी सारखी असताना भविष्य वेगळे असू शकते. पेशी कोणत्या पुंजक्यात होती, तिच्या सूक्ष्मनलिका कोणत्या दिशेने लागलेल्या होत्या, शेजारी कोण होते, हे पेशी सुटी करून वाचन करताना पुसले जाते. त्यामुळे ऊतकाचा छेद जागच्या जागी रंगवून पाहण्याचे जुने, वेळखाऊ काम कालबाह्य झालेले नाही. माझ्या मते त्याची गरज आता वाढली आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये, याला एक साधे कारण आहे. मोटर प्रथिनांच्या जगातले दर्जेदार काम मुंबईत झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने, अनेक डायनिन एकत्र येऊन मोठे बल कसे लावतात आणि उलट दिशेच्या मोटरशी त्यांची ओढाताण कशी होते, हे जिवंत पेशींत मोजले. प्रजननाच्या अभ्यासाची परंपराही याच शहरात आहे: परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या आणि केईएम रुग्णालयाच्या सहकार्याने डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या गटाने १९८६ मध्ये प्रयोगशाळेत फलन करून बालक जन्माला आणले. एका बाजूला मोटरचे बल मोजणारे आणि दुसऱ्या बाजूला अंडपेशी हाताळणारे, अशी दोन्ही कौशल्ये ज्या शहरात काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत, तिथे गर्भावस्थेतल्या अंडाशयातील वाहतुकीचा प्रश्न हाती घेतला जावा, ही अपेक्षा मोठी नाही. बकरी आणि म्हैस यांच्या अंडाशयांवर काम करण्याचा अनुभवही आपल्या पशुवैद्यकीय संस्थांत आहे, आणि तुलनेसाठी आणखी प्रजाती हव्या आहेत हे वर सांगितलेच.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाला एवढीच विनंती आहे, की प्रत्येक मोटरच्या नावापुढे समासात तीन प्रश्न लिहून ठेवावेत: ती कोणत्या पेशीत दिसली, विकासाच्या कोणत्या दिवशी दिसली, आणि जे दिसले ते आरएनए होते की प्रथिन. डायनिनचे नाव आले, तर त्याच्यासोबत कोणता सहायक होता हा चौथा प्रश्न जोडावा. ज्या निबंधात या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, त्याचा निष्कर्ष कितीही ठाम शब्दांत मांडलेला असला तरी तो तूर्त बाजूला ठेवावा आणि उत्तरे देणारा प्रयोग कोणी केला आहे का ते शोधावे.